मुकादम शेवटी उठतो

लिफ्टचं दार बंद होता होता कोठीवाली म्हणाली, "एक विचारू? राग मानू नका हं. तुमच्या अहवालात लिहिलंय की सकाळच्या गर्दीत सगळा वेळ वाट पाहण्यात जातो. म्हणजे माझी वाट पाहण्यात. पण सकाळी माझ्याकडे तर शुकशुकाट असतो. मीच वाट बघत बसलेली असते, कुणी काही मागेल म्हणून." एवढं बोलून ती आपल्या मजल्यावर उतरलीसुद्धा. बोलण्यात तक्रार नव्हती, टोमणा तर नव्हताच. शेजारणीने 'तुमच्याकडेही नळाला पाणी नाही का हो' असं विचारावं तसं तिने विचारलं होतं. चौकसबाई मागे लिफ्टमध्येच राहिली. लिफ्ट तिला वर घेऊन गेली, तिथे कुणीतरी चढलं, आणि ती पुन्हा खाली आली तेव्हा आपल्याला कुठे उतरायचं होतं हे तिला क्षणभर आठवेना.

कोठीवाली हे काही तिचं नाव नव्हे. पण त्या ऑफिसात नावाने हाक मारायची पद्धतच उरली नव्हती. जिच्या ताब्यात सगळ्या माहितीचा साठा ती कोठीवाली. लोकांनी चुकीची लिहिलेली नावं ज्याचा प्रोग्राम सुधारतो तो मास्तर. आणि जिला दुसऱ्यांच्या प्रोग्राममध्ये नाक खुपसून कुठे किती वेळ जातो ते मोजायला ठेवलेलं ती चौकसबाई. मास्तर आणि चौकसबाई नवराबायको आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ऑफिसच्या दारातून आत आल्यावर ते दोघं मात्र ते विसरल्यासारखे वागत, अहोजाहो करत, एकमेकांना मेल पाठवत. त्यांची वेबसाइट औषधं शोधून देई: अमुक औषध आत्ता कुठल्या दुकानात आहे. आता डॉक्टरचं अक्षर वाचून माणूस काय लिहील याचा नेम नाही, म्हणून आधी मास्तरचा भाग ते नाव ओळखी आणि मग कोठीला विचारी. गेले काही महिने सकाळी पान उघडायला इतका वेळ लागे की लोक कंटाळून पायीच दुकानं पालथी घालत. साहेबांचा संशय मास्तरवर होता. मग चौकसबाईने मोजून अहवाल दिला की मास्तरचा भाग फारसा वेळ खातच नाही, सगळा वेळ जातो तो वाट पाहण्यात. वाट कुणाची, हे अहवालात नव्हतं, पण कोठीशिवाय दुसरं आहे कोण? आज चार वाजता त्याचा निकाल लागायचा होता. साठा बाहेरच्या कंपनीकडे जाणार, आणि कोठीवालीची रवानगी दुसऱ्या गावच्या शाखेत. तिची सासू वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली. "मी सासूला सोडू शकत नाही आणि सासू तर मला मेली तरी सोडायची नाही," असं ती डबा खाताना हसत सांगे, आणि सगळे हसत.

खुर्चीत बसल्यावर चौकसबाईला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर मजा वाटली. वाईट नंतर वाटलं. कोठी म्हणते, मी गिऱ्हाइकाची वाट बघतेय. आणि तिचं गिऱ्हाईक म्हणजे आपला प्रोग्राम, तो म्हणतो, मी कोठीची वाट बघतोय. दोघं एका दाराच्या दोन बाजूंना, 'आधी तुम्ही' म्हणत ताटकळलेली. मग सकाळभर ही मशिनं तापतात कशाने? पंखे कशासाठी घोंघावतात? कुणीतरी घाम गाळतंय खास, आणि तो कुणाला दिसत नाहीये. असं काही समोर आलं की तिच्या मानेमागे एक बारीक मुंगी चालायला लागे, लहानपणापासून. घड्याळ का थांबलं, शेजारचे काका रविवारीच का खोकतात, बंद कपाटात अंधार असतो की उजेड, हे पाहिल्याशिवाय तिला जेवण जात नसे. "ही पोरगी कुठेतरी बोट घालून शॉक खाऊन मरणार," असं आई म्हणायची, आणि शॉक तिने खाल्लाही होता, एकदा नव्हे. म्हणूनच आज तिला स्वतःचंच नवल वाटलं. हा प्रश्न दोन आठवड्यांपूर्वी आपल्याला का पडला नाही? एरवी ती एक आकडा तीनतीनदा तपासणारी, साहेब 'पुरे आता' म्हणेपर्यंत उकरत बसणारी. आणि हा अहवाल तिने एका बैठकीत लिहून देऊन टाकला होता. त्या संध्याकाळी घरी मास्तर भांडी विसळताना शीळ घालत होता. त्याआधी कितीतरी दिवस तो एकेक बशी इतका वेळ धूत उभा राही की शेवटी तीच जाऊन नळ बंद करी. शीळ बेसूर होती, पण तिला ऐकून इतकं हलकं वाटलं होतं की ती दिवा न लावताच सोफ्यावर पडून राहिली.

तिने जुनी प्रोफाइल काढली. प्रोफाइल म्हणजे दुसरं काही नाही, प्रोग्राम चालू असताना शेजारी बसून ठेवलेली नोंद: आता हे करतोय, आता ते करतोय, यात इतका वेळ, त्यात तितका. रांगेत पहिलंच: वाट पाहणे. जवळजवळ अख्खा वेळ. बाकी सगळं त्याखाली चिल्लर. हेच पाहून तिने त्या दिवशी खिडकी मिटली होती. आज तिने तीच खिडकी मागे मागे सरकवत अगदी माथ्यापर्यंत नेली, जिथे कुणी बघत नाही, जिथे फक्त ही नोंद कुठल्या प्रोसेसची, म्हणजे प्रोग्रामच्या कुठल्या चालत्या प्रतीची आहे तो क्रमांक असतो. मग त्या दिवशीचं चालू-बंदचं टिपण काढलं आणि क्रमांक ताडून पाहिला. तो मुकादमाचा निघाला. ती हसली, खरंच मोठ्याने हसली. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने कानातली बोंडं काढून पाहिलं. कारण त्यांची वेबसाइट एकट्याने चालत नसे. सकाळी एक मुकादम जागा होई, तो आपल्यासारखेच गडी उभे करी, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक गडी सांभाळत. मुकादम स्वतः काडी इकडची तिकडे करत नसे. गडी जिवंत आहेत ना, एखादा दमून बसला तर त्याच्या जागी नवा उभा करायचा, एवढंच पाहत तो बसून राही. वाट पाहणं हाच त्याचा धंदा. आणि तिने दोन आठवड्यांपूर्वी काय केलं होतं, तर सगळे राबत असताना एकट्या मुकादमाला गाठून विचारलं होतं, बाबा रे, दिवसभर काय केलंस? तो बिचारा खरं तेच बोलला.

पण हेही धड पटेना. नोंद ठेवणारा प्रोग्राम तिने सगळ्यांनाच लावला होता. मुकादमाने गडी उभे केले की त्यांच्याबरोबर तोही वाटला जाई, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग गड्यांनी लिहिलेलं गेलं कुठे? तिने फाइलीचं नाव पाहिलं. एकच नाव. सगळ्यांना एकच नाव सांगून ठेवलेलं. तिची बोटं टेबलाच्या कडेवर थांबली, आणि तिला अचानक टेपरेकॉर्डरचं बटण दाबल्यावर अंगठ्याला लागायचा तो स्प्रिंगचा दणकट जोर आठवला. बाबा जहाजावर होते. पत्राला महिने लागत आणि बाबांना पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून घरून कॅसेट जायची. रविवारी दुपारी खोलीचं दार लावून एकेकाने आत जायचं, बाबांशी बोलायचं आणि बाहेर यायचं. बाकीच्यांनी ऐकायचं नाही, हा आईचा नियम. दादा क्रिकेटबद्दल बोले, ताई बहुधा रडे, ती स्वतः बाबांना प्रश्न विचारी, मासे झोपतात का, रात्री समुद्राचा आवाज कमी होतो का. एका रविवारी आई खूप वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा पदराने नाक पुसत होती आणि चेहरा मात्र मोकळा, कुठलंतरी ओझं उतरवून आल्यासारखा. सगळ्यांत शेवटी मामा. मामा म्हणजे त्या घराचा कारभारी, आईचा भाऊ, बाबा नसताना सगळ्यांवर देखरेख ठेवणारा. तो आत जाऊन एकच वाक्य बोले: "इकडे सगळं ठीक आहे, काळजी नसावी." आणि मग कॅसेटचं पुडकं बांधे.

बाबांनी त्या कॅसेटनंतर आणखी एका वर्षाचा करार केला. आईने ती बातमी वाचली, कागदाची बारीक घडी केली आणि त्या वर्षात पुन्हा एकही कॅसेट भरली नाही. मुलांनी विचारलं तर म्हणायची, टेप बिघडलाय. चौकस पोरीने टेप खोलून पाहिला, तो ठणठणीत होता, त्यावर तिने धपाटा खाल्ला. पुढे बाबा आले ते सामानात ती कॅसेट घेऊन. जेवणं झाल्यावर सगळे ऐकायला बसले, आपले जुने आवाज ऐकायचे म्हणून दादा-ताई लाजून आधीच हसत होते. मामाचा आवाज आला, इकडे सगळं ठीक आहे. आणि मग काहीच नाही. टेप फिरत राहिला. खुर्ची करकरली, मामा खोकला, लांब कुठेतरी सायकलची घंटा वाजली, पंख्याची घरघर. त्याचं झालं होतं असं की आत जाणारा प्रत्येक जण शहाण्यासारखी कॅसेट आधी सुरुवातीला आणत होता आणि मगच बोलत होता. कॅसेट नेहमी पहिल्यापासून भरायची असते, हे दादाने सगळ्यांना शिकवलेलं. आणि मामा बटण बंद करायचं विसरून तिथेच पेपर वाचत बसला होता. बाबा म्हणाले, "मी ही किती वेळा ऐकली असेन. इतकं शांत वाटायचं. म्हटलं, घरी सगळं सुरळीत आहे." आई बाजू संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही ऐकलंच नाहीत." "काय ऐकलं नाही?" "काही नाही," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली. आत ताटं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती हसायला लागली, पोट धरून, आणि बाबा आत गेले तेव्हा ते हसू राहिलं नव्हतं. ती आत काय बोलली होती ते चौकसबाईने पुढे किती वेळा विचारलं. आईने काही ते सांगितलं नाही. आईपुढे तिची मात्रा कधी चालली नाही.

तर गड्यांनी लिहिलं होतं, प्रत्येकाने, इमानदारीत. एकाने लिहून वही मिटायची, दुसऱ्याने तीच वही पहिल्या पानापासून पुसून लिहायची. आणि काम थांबवताना गडी आधी उठतात, मुकादम सगळे गेल्याची खात्री करून शेवटी उठतो. तिने एवढंच केलं की प्रत्येकाच्या फाइलीला त्याचा स्वतःचा क्रमांक जोडला. दोन ओळींचं काम. मग चाचणीच्या मशीनवर कालची सकाळ जशीच्या तशी पुन्हा घडवली, तीच गिऱ्हाइकं, त्याच चुका, त्याच ओळीने, आणि ती पंख्यांची घरघर ऐकत बसली. जेवायची वेळ टळून गेली. डबा तिने उघडलाच नाही. ती कुणाच्या विरुद्ध किंवा बाजूने काही शोधत नव्हती, तिला फक्त बघायचं होतं. थांबवल्यावर फोल्डरमध्ये फाइली दिसायला लागल्या, एकीखाली एक, भरभरून. तिने पहिली उघडली. मग दुसरी. मग तिने सगळ्यांची बेरीज एकत्र केली, कारण एकेक उघडून पाहायची गरज उरली नव्हती. कोठीला विचारण्यात वेळ जात होता तो अगदी नावापुरता. बाकी सगळा, गड्यागणिक, औषधांची नावं शिकण्यात.

ते कसं, हे तिला बघता बघता उलगडत गेलं आणि प्रत्येक पायरीला तिला आनंदही होत गेला, हे लाजिरवाणं असलं तरी खरं होतं. मास्तरचा भाग कामाला लागण्यापूर्वी औषधांची सगळी नावं, त्यांच्या सगळ्या संभाव्य चुकांसकट, एकदा पाठ करून घेई. एकदाच. मग दिवसभर झटपट उत्तरं. पण गडी फार दिवस ठेवले की सुस्तावतात, म्हणून ठरावीक गिऱ्हाइकं झाली की मुकादम त्यांना निवृत्त करून नवे आणी. आणि नवा गडी कोरा, त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं पाठ करायचं. त्यातून सगळे एकदमच कामाला लागलेले, म्हणून सकाळच्या गर्दीत एकदमच निवृत्त होत. बाहेर गिऱ्हाइकांची झुंबड आणि आत सगळे नवे गडी डोळे मिटून पाठांतर करत बसलेले. मास्तर चुकला होता का? त्याने ते लिहिलं तेव्हा गडी नव्हतेच. एकच मशीन, एकच प्रोसेस, त्यांच्या पहिल्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर. ती तापाने पडली होती आणि तो तिच्या औषधांची खोकी समोर मांडून तिला म्हणे, "चुकीचं वाच. अजून चुकीचं." ती नाक चोंदलेल्या आवाजात काहीच्या बाही वाची आणि प्रत्येक वेळी प्रोग्रामने ओळखलं की दोघं हसून बेजार होत. तो भाग एका माणसासाठी लिहिलेला होता, आणि त्या एका माणसाला तो पुरेपूर होता.

चारला थोडाच अवकाश होता. हे मीटिंगनंतरही सांगता येईल, असा विचार तिच्या मनात आला, आणि आला तो चांगले कपडे घालून आला: आकडे पुन्हा तपासायला हवेत, घाई बरी नव्हे, उद्या नीट लिहून देऊ. तिने तो पूर्ण ऐकून घेतला. मग तिच्या डोळ्यांपुढे कोठीवाली आली, डबा खाताना हसणारी, आणि ती उठली. साहेबांच्या खोलीबाहेर जिन्याच्या वळणावर मास्तर पाण्याची बाटली घेऊन उभा होता. आतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. ती त्याच्याजवळ गेली आणि ऑफिसातली रीत सोडून म्हणाली, "ऐक ना. माझा अहवाल चुकलाय. मी फक्त मुकादमाची नोंद वाचली. गड्यांच्या नोंदी पुसल्या जात होत्या."

"आणि त्यांच्यात काय आहे?"

"नावं. प्रत्येक नवा गडी सगळी नावं पहिल्यापासून पाठ करतो."

त्याने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. तो मनात हिशेब करत होता हे तिला त्याच्या भुवयांवरून कळलं. गडी किती, नावं किती, सकाळ केवढी. "बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "तसंच होणार. मुकादमानेच एकदा पाठ करून मग गडी उभे केले तर प्रत्येकाला ते आयतं मिळेल. दोन दिवसांचं काम." तिला हायसं वाटलं, इतकं की तिने त्याच्या बाहीला हात लावला. पण तो अजून विचारच करत होता. मग तिच्याकडे न पाहता त्याने विचारलं, "फाइल एकच आहे हे तुझ्या लक्षात नाही आलं? तुझ्या?"

"नाही आलं."

"तू तर दुकानातली पावतीसुद्धा उलटून पाहतेस."

त्या दिवशी खिडकी मिटताना हात किती चटकन पुढे झाला होता ते तिला आठवलं. पडद्यावर पहिली ओळ दिसली, तिच्यात त्याचं काही नव्हतं, आणि तिने पुढे पाहिलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला पुढे बघायचं नव्हतं. का, हे तिने स्वतःला विचारलंही नव्हतं. पण तो आता तेच विचारत होता, आणि त्याला उत्तर तिच्या आधी सापडलं होतं.

"म्हणजे तुला वाटतच होतं," तो म्हणाला. "की माझंच असणार."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. रागावला असता तर तिने भांडून वेळ मारून नेली असती. घरी ते दोघं असं कितीदा भांडत आणि मग जेवत. तो नुसता बघत होता, तिने एखाद्या अनोळखी प्रोग्रामकडे बघावं तसा, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून. नाही, असं म्हणायला तिची जीभ टाळ्याला लागलीसुद्धा.

"हो," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. बाटली कठड्यावर ठेवली, शर्ट नीट केला आणि खोलीचं दार तिच्यासाठी उघडून धरलं.

"चल," तो म्हणाला. "कोठीवाली आधीच येऊन बसलीय."